आधी पाणी, मग रूळ

शनिवार-रविवारी माणसाने काय करावं याची आपल्याकडे एक ठरलेली यादी आहे. ट्रेक, मॉल, सिनेमा, फार तर गिटारचा क्लास. 'टेबलावर आगगाडी आणि बंदर बांधणे' हे त्या यादीत कुठेच बसत नाही. त्यामुळे गेलं वर्षभर माझे वीकेंड कशात जातात हे कळल्यावर ऑफिसातले लोक माझ्याशी जरा सांभाळूनच बोलायला लागलेत. आई मात्र सांभाळून वगैरे बोलत नाही. "सहा बाय दोनचं टेबल अडवून ठेवलंयस, तेवढ्यात चांगलं डायनिंग टेबल आलं असतं," असं ती येऊन-जाऊन ऐकवते. मुद्दा बरोबर आहे. पण आजचा विषय तो नाही.

आजचा विषय असा, की बंदराचा लेआउट करायचाच असेल तर तो आपल्या बंदराचा करावा, आणि त्यात आधी पाणी करावं, मग रूळ.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॉडेल रेल्वेच्या जगात बंदर हा फार लाडका विषय आहे. त्यामागचं कारण काव्यात्म नसून जागेचं आहे. मेन लाइनची एक्सप्रेस दाखवायची तर मोठी वळणं लागतात, म्हणजे हॉल लागतो. बंदरात गाडी मुळात हळू चालते, डबे चार-सहाच असतात, वळणं अख्खी तीव्र. शिवाय तिथे शंटिंग असतं, म्हणजे खेळायला काम असतं. ॲलन राइट नावाच्या इंग्रज गृहस्थाने 'इंगलनूक' नावाचं एक कोडं करून ठेवलंय. तीन सायडिंग. एकात पाच डबे मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन. एकूण डबे आठ. त्यातले चिठ्ठी टाकून निघालेले पाच, निघालेल्या क्रमाने जोडून गाडी तयार करायची. आठातून पाच क्रमाने, म्हणजे ६७२० वेगवेगळ्या गाड्या! ज्यांना कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर आवडला होता त्यांनी या खेळाच्या वाटेला जाऊ नये, रात्रीचे दोन वाजतात.

तर असं बंदर करायचं म्हटलं की पहिला मोह होतो किटाचा. लाल विटांची गोदामं, उंच खिडक्या, लोखंडी क्रेन, दगडी फरसबंदी. सुंदर असतं सगळं, वादच नाही. पण ते कोणाच्या तरी दुसऱ्याच्या गावाचं असतं. आणि माझा आक्षेप देशप्रेमाचा नाही, इंजिनिअरिंगचा आहे. किटात सगळे प्रश्न आधीच सुटलेले असतात. क्रेन इथेच का? गोदामाचं तोंड तिकडेच का? धक्का एवढाच उंच का? कोणीतरी कधीतरी याची उत्तरं शोधली, आपण फक्त डिंक लावायचा. दुसऱ्याचा कोड कॉपी-पेस्ट केल्यासारखं. चालतो, पण का चालतो ते माहीत नसतं.

ज्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलं त्यांची उदाहरणं बघा. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ साली लघुरेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. पुण्यातली बरीच पोरं लहानपणी तिथल्या काचेला नाक लावून उभी राहिली असतील, मीही राहिलोय. दुसरं टोक म्हणजे जर्मनीत हॅम्बुर्गचं 'मिनिएचर वंडरलँड', २००१ साली सुरू झालेलं. ते मुळात बंदरातल्या जुन्या गोदामातच आहे, आणि आत त्यांनी स्वतःचं हॅम्बुर्ग बांधलंय. स्कँडिनेव्हियाच्या भागात तर खरं पाणी आहे, सुमारे तीस हजार लिटर, आणि त्याला चक्क भरती-ओहोटी आहे! हे वाचलं तेव्हा मी बसल्या जागी उडालोच होतो. कारण आमच्या बंदराचं सगळं गणित भरती-ओहोटीवरच होतं.

"आमचं बंदर? तुझं गाव तर पोलादपूर ना? घाटाच्या पायथ्याला कसलं आलंय बंदर?"

हा प्रश्न मला नेहमी येतो. तर मंडळी, सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, तिथे गांधारी तिला मिळते, आणि पुढे खाडी होऊन ती बाणकोटला समुद्राला भेटते. भरतीचं पाणी या खाडीतून थेट महाडपर्यंत चढतं. त्यामुळे समुद्र दिसतही नाही अशा ठिकाणी महाड हे बंदर होऊ शकलं. भरतीबरोबर गलबतं वर यायची, ओहोटीबरोबर खाली जायची. महाडहून वरंध घाटाने भोर-पुण्याकडे वाट, पोलादपूरहून पार घाटाने महाबळेश्वर-वाईकडे. म्हणजे महाड हा जेटी आणि पोलादपूर हा घाट चढण्याआधीचा शेवटचा थांबा. खालून मीठ आणि सुकी मासळी वर जाणार, वरून धान्य खाली येणार. १८०२ साली दुसरा बाजीराव पुण्याहून पळाला तोसुद्धा महाडमार्गेच किनाऱ्यावर उतरला आणि समुद्रातून वसईला गेला.

महाडच्या अलीकडे सुमारे पाच मैलांवर दासगाव. हेही बंदर. डिसेंबर १९२७ मध्ये महाड सत्याग्रहाच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. मोटारवाले आपल्याला नेतील याची खात्री नव्हती, म्हणून समुद्राचा मार्ग. २५ डिसेंबरला ते आणि त्यांचे सहकारी दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. आज मुंबई-गोवा हायवेवरून जाताना दासगाव कधी येतं आणि कधी जातं तेही कळत नाही. मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो असेन. माझ्या पिढीतल्या किती जणांना माहीत आहे की इतिहास इथे बोटीतून उतरला होता?

म्हणून माझा लेआउट दासगावच्या धक्क्याचा आहे.

आता एक अडचण. दासगावला बंदर होतं तेव्हा रेल्वे नव्हती. रेल्वे आली १९९३ मध्ये, कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला तेव्हा. १९९८ मध्ये सगळा मार्ग पुरा झाला. पण तोवर बंदर संपलेलं होतं, खाडीत गाळ साठलेला आणि माल रस्त्याने जायला लागलेला. आणि पोलादपूरला रेल्वे आजही नाही. म्हणजे बंदर आणि रेल्वे यांची इथे गाठच पडली नाही. मग माझा लेआउट खोटाच की!

खोटा आहे. पण मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय: थाप एकच मारायची. बग शोधताना आपण एका वेळी एकच व्हेरिएबल बदलतो, तसं. माझी थाप अशी, की १९३५ साली दासगावच्या धक्क्यावरून महाडमार्गे पोलादपूरपर्यंत एक छोटी नॅरोगेज लाइन होती. बाकी सगळं जसं होतं तसंच.

ही थापही अगदीच वाऱ्यावरची नाही. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी गेजची होती, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ ला, ते होतात ८.७६ मिलिमीटर. आणि एन स्केलचे बाजारात मिळणारे रूळ असतात ९ मिलिमीटरचे. जवळजवळ परफेक्ट! याउलट आपला ब्रॉडगेज एचओमध्ये १९ मिलिमीटरच्या वर जातो आणि रूळ मिळतात साडेसोळाचे. म्हणजे नॅरोगेज हीच जास्त खरी दिसणार. एन स्केलच्या इंजिनाची चाकं-मोटर घ्यायची आणि वरचं अंग सनबोर्डचं आपण करायचं. पॉइंट बदलायला छोटे सर्व्हो आणि एक आर्डुइनो. खर्च किटापेक्षा बराच कमी.

बाकी सामान तर घरचंच. डोंगर थर्माकोलचे, वर कागद आणि प्लास्टर. मातीला गेरू. कांदळवनाला नारळाची शेंडी आणि रंगवलेला भुसा. पंधरा मीटरचा पडाव सतरा सेंटिमीटरचा होतो, तो बाल्सा लाकडाचा. आणि एक विनंती: पाणी निळं रंगवू नका. आपल्या खाड्या निळ्या नसतात. पावसाळ्यात तर सावित्री अगदी दूध घातलेल्या चहासारखी दिसते.

जागेचं म्हणाल तर दासगाव-महाड हे अंतर एचओमध्ये ९२ मीटर होतं. माझ्याकडे सहा फूट आहेत, म्हणजे खरे १५९ मीटर. तेवढ्यात धक्का, गोदाम, तीन सायडिंग, मागे डोंगर आणि एका टोकाला महाडकडे जाणारी लाइन. बस्स.

आणि इथेच तो प्रश्न उभा राहिला ज्यासाठी हा लेख लिहितोय. ही महाडकडे जाणारी लाइन कुठून न्यायची?

दासगावला एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडी. मधल्या पट्टीत लाइन नेली की तिला भराव आला. डोंगरातून येणारे वहाळ त्या भरावाखालून जाणार, म्हणजे मोऱ्या आल्या. मोऱ्या किती आणि केवढ्या? किटात हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे पाणी म्हणजे रूळ टाकून झाल्यावर उरलेल्या जागेत ओतायचं रेझिन. मी ठरवलं की आधी पाणी. नुसत्या डोंगरावर आणि खाडीच्या खड्ड्यावर वॉटरप्रूफिंग करून बोर्ड गच्चीत नेला आणि वरून तांब्याने पाणी सोडलं. एकदा खाडीचं तोंड उघडं ठेवून, एकदा फळी लावून बंद करून. फळी म्हणजे भरती. मग पट्टीचा भराव ठेवून पुन्हा दोन्ही प्रकार. तोंड उघडं असताना काहीच वाटत नाही. भरती आणि वरचं पाणी एकदम आलं, आणि मध्ये भराव असला, की पाणी मागे थांबतं.

हे काही विज्ञान नव्हे, हे मला कळतं. तांब्यातलं पाणी १:८७ च्या नियमाने वाहत नाही. ज्यांना हे खरोखर करता येतं ती संस्था पुण्याजवळ खडकवासल्यालाच आहे, केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, १९१६ पासूनची. तिथे नद्यांची आणि बंदरांची मोठमोठी मॉडेलं करतात, त्यात भरती-ओहोटी सोडतात, आणि मग सांगतात की धक्का कुठे बांधा. त्यांचा खेळ खरा, माझा टेबलावरचा. पण क्रम तोच: आधी पाणी.

आणि आमच्याकडे हा प्रश्न खेळातला नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर रस्त्यावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला, एसटी गाड्यांसकट. २२ जुलै २०२१ ला महाड पुरात बुडालं आणि त्याच दिवशी तळीयेवर डोंगर आला. तेव्हापासून महाडमधल्या चर्चेत दोन मुद्दे सतत येतात: नदीतला गाळ काढा, आणि दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावात पाण्याला आणखी वाट द्या. यातलं कशाचं योगदान किती, हे ठरवणं तज्ज्ञांचं काम. पण एक गोष्ट टेबलावरही दिसते. ज्या गावाने आपलं पोट भरतीच्या वेळापत्रकावर चालवलं, त्या गावाला भरती माहीत होती. बंदर गेलं तसं ते ज्ञानही गेलं. आज आम्हाला पनवेलहून गाडी किती वाजता सुटते ते ठाऊक असतं, आज भरती किती वाजता आहे ते विचारा... गप्प! ते आठवतं फक्त पाऊस दोन दिवस थांबला नाही की.

म्हणून माझ्या लेआउटला दोन घड्याळं आहेत. एक रेल्वेचं. दुसरं भरतीचं, आर्डुइनोवर, एका भरतीपासून दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी, म्हणजे रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकणारी. पडाव फक्त भरतीला धक्क्याला लागू शकतो. गाडी वेळेवर सुटली पाहिजे. दोघांचं जमेल त्या दिवशी मीठ पोलादपूरला पोचतं, नाही जमलं तर पोती धक्क्यावर. इंगलनूकच्या ६७२० गाड्यांपेक्षा हे कोडं मला जास्त अवघड वाटतं, आणि ते मी शोधलेलं नाही. त्या खाडीवर पोट असलेल्या सगळ्यांनी ते रोज सोडवलंय.

तुमचं गाव महाड-पोलादपूर नसेल. चिपळूण असेल, राजापूर असेल, पेण असेल. कोकणातल्या निम्म्या गावांच्या पोटात असं एखादं जुनं बंदर आहे. एकदा करून बघा. किट नको, एक्सेल शीट नको, एक फळी आणि थोडं प्लास्टर पुरे. नदी कुठून येते आणि कुठे जाते एवढंच आधी करा. आपल्या गावाबद्दल आपल्याला किती कमी माहिती आहे हे पहिल्याच रविवारी कळतं, आणि दुसऱ्या रविवारी घरच्या म्हाताऱ्या माणसांना फोन करायला एक चांगलं कारण मिळतं.

बाकी डायनिंग टेबलाचं म्हणाल, तर आईला सांगून ठेवलंय. खाडी वाळली की बघू.