सुभेदार चार वर्षांत तयार होत नाही

आमच्या युसूफ वडगावात सुट्टीवर आलेल्या कोणत्याही फौजीला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. कालपरवा भरती झालेला शिपाई असला तरी मेजर, आणि तीस वर्षं काढून आलेला सुभेदार असला तरी मेजरच. लोक प्रेमानं म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण शिपाई आणि सुभेदार यांच्या मधी माणसाचं अख्खं उमेदीचं आयुष्य असतं, हे त्यामुळं कुणाच्या ध्यानात येत नाही. अन ते ध्यानात नसलं, की अग्निपथसारखी योजना लोकांना बरी वाटायला लागते.

आधी ती शिडी समजून घ्या. पोरगा शिपाई म्हणून लागतो. मग लान्स नाईक, मग बाहीवर दोन फितींचा नाईक, तीन फितींचा हवालदार. त्याच्या पुढं खांद्यावर तारा चढतो. एक तारा नायब सुभेदाराचा, दोन सुभेदाराचे. आणि सगळ्यात वर सुभेदार मेजर, ज्याच्या खांद्यावर अशोकस्तंभाची राजमुद्रा असते. आठशे-हजार जवानांच्या पलटणीत असा माणूस एकच. तिथं पोहोचायला पंचवीस-तीस वर्षं लागतात आणि बहुतेकांना तेवढं करूनही ते मिळत नाही. कमांडिंग ऑफिसर जवानांच्या सुखदुःखाची गोष्ट आली की त्यालाच विचारतो. अकादमीतून निघालेला बाविशी-तेविशीतला लेफ्टनंट हुकूम देतो खरा, पण हुकूम कसा द्यायचा हे तो सुभेदाराकडं बघून शिकतो. ऑफिसरसुद्धा त्याला 'साहेब' म्हणतात ते उगीच नाही.

हे शब्द तरी कुठले? हवालदार, सुभेदार हे आपल्याच मुलखातले जुने हुद्दे. शिवाजी महाराजांच्या काळात गडाच्या किल्ल्या हवालदाराकडं असायच्या आणि सुभा सुभेदार सांभाळायचा. म्हणजे ज्यांच्यावर विसंबून राहता येतं अशा माणसांची ही नावं आहेत.

आता अग्निपथ. १४ जून २०२२ ला ही योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वयाची पोरं घ्यायची, प्रशिक्षण धरून चार वर्षं ठेवायची, शंभरातली जास्तीत जास्त पंचवीस पुढं कायम करायची आणि बाकीची घरी पाठवायची. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जाताना साधारण पावणेबारा लाख रुपये हातात, आणि त्यातलीही निम्मी रक्कम त्याच्याच पगारातून दरमहा कापलेली. पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली.

सरकारचं म्हणणं असं, की सैन्य तरुण राहिलं पाहिजे. बरोबर आहे. डोंगरावर चढायला तरणा गडीच लागतो. पण मी शेतकरी माणूस, मला बैलाची भाषा कळते. नवा खोंड शिकवायचा असला तर त्याला दुसऱ्या नव्या खोंडाबरोबर कुणी जुपत नाही. दोन्ही मिळून औत बांधावर नेतील. जोडीला जुना, सरावाचा बैल लागतो. तो ओढायला कमी पडंल, पण तास सोडत नाही. आणि प्रत्येक जुना बैल कधीतरी खोंडच होता ना? चारातले तीन खोंड दर चार वर्षांनी बाजार दाखवायचे ठरवले, तर त्यातला कोणता जुना होऊन उपयोगी पडला असता, हे कळायचं कसं?

लांबचं उदाहरण नको, आपल्याच बीड जिल्ह्यातलं घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. गरीब घरचा पोरगा, बारावीनंतर महार रेजिमेंटमधी शिपाई झाला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. शर्यतीसाठी पळायला लागला तो २०१५ च्या सुमारास. २०१८ मध्ये त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसचा सदतीस वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आता बोटं मोजा. भरती झाल्यापासून चार वर्षं भरली तेव्हा हा गडी कुठं होता? विक्रम अजून व्हायचा होता. त्या दिवशी कुणी शंभरातली पंचवीस पोरं निवडायला बसलं असतं, तर याचं नाव आलं असतं का नसतं, कोण सांगणार? पलटणीनं वेळ दिला, म्हणून मांडव्याचा शिपाई नायब सुभेदार झाला.

आणि सुभेदारकी घराला काय देते तेही बघा. रामजी सकपाळ हे फौजेतले सुभेदार. महूच्या लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर पेन्शन होती, पुढं मिळेल ती नोकरी केली आणि लेकराला मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलपर्यंत पोहोचवलं. ते लेकरू म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. इंग्रजांनी महारांना फौजेचा दरवाजा बंद केला, तेव्हा नुसत्या नोकऱ्या गेल्या नाहीत. शिकलेल्या, ताठ मानेच्या घरांची वाट बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. दरवाजा सगळा बंद न करता अर्धवट लोटून घेतला, तरी आतला उजेड कमीच होतो.

कुणी म्हणतं, पेन्शनचा बोजा फार झाला. असंल. पण बोजा कमी करायचा म्हणून सुरुवात शिपायापासूनच का? कुणी म्हणतं, पोलिसात, निमलष्करी दलात अग्निवीरांना राखीव जागा आहेत. जागा कागदावर असणं आणि पोरगा त्या जागेवर बसणं यातलं अंतर आम्हाला जुनं माहीत आहे. कुणी म्हणतं, राहिलेल्या पंचविसातूनच सुभेदार होतील की. होतील, मी नाही म्हणत नाही. पण चार वर्षं एका खंदकात झोपलेली पोरं एकमेकांकडं दोस्त म्हणून बघतील का 'याची जागा गेली तर माझी राहील' म्हणून? सुभेदार ज्या भरवशावर तयार होतो, त्या भरवशालाच ही योजना कीड लावते.

केज तालुक्यातल्या कितीतरी घरात दोनच वाटा आहेत. एक मुकादमाकडून उचल घेऊन कोयता हातात धरायचा, नाहीतर पहाटं डांबरीवर पळून भरती व्हायचं. बावीस वर्षांचा पोरगा चार वर्षांनी परत आला, पैसे बहिणीच्या लग्नात आणि बोअरमधी गेले, की त्याच्यासमोर परत तोच कोयता. मधल्या चार वर्षांत त्यानं बंदूक धरली होती एवढाच फरक.

म्हणून माझं मागणं साधं आहे. जो अंगानं धडधाकट आहे, ज्याचं काम चोख आहे आणि ज्याला राहायचं आहे, त्याला किमान पेन्शनपुरती पंधरा वर्षं ठेवा. मत मागायला जो कुणी दारात येईल, त्याला आधी हे विचारा. त्यानं जवानांचा जयजयकार सुरू केला तर थांबवा आणि परत तेच विचारा.