टाके घातले, पुढे काय?

रात्री दीडची वेळ. पार्टीवरून येताना आमच्या रूमवरचा एक दादा बाइकवरून पडला. कपाळाला सात टाके, एक सलाइन, सकाळी डिस्चार्ज. कागदावर लिहिलेलं : आठवड्याने टाके काढायला या. किती पितोस, कधीपासून, हे कुणी विचारलंच नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही 'पावसात घसरला' असंच ठोकून दिलं होतं. पोलिस केस होईल, घरी कळेल, विम्याचे पैसे मिळणार नाहीत, अशी भीती! दोन महिन्यांनी स्वारी पुन्हा त्याच कॅज्युअल्टीत.

माझं म्हणणं एवढंच, की टाके काढायची तारीख देता, तशी दारूबद्दल बोलायचीही द्या. आणि लवकरची द्या. अपघातानंतर माणूस हादरलेला असतो. एरवी 'मी कंट्रोलमध्ये आहे' म्हणणारा तेव्हा निदान ऐकून तरी घेतो. जखम भरली, की पुन्हा जैसे थे.

शिवाय रोज पिणाऱ्याने एकदम सोडली, तर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. जिवावरही बेततं. म्हणून 'आजपासून बंद!' असा दम देऊन घरी पाठवणं हा उपचार नव्हे.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांतले काही तरी कॅज्युअल्टीच्या दारातून येऊन जातच असणार ना?

रात्रपाळीच्या डॉक्टरांना वेळ नसतो, मान्य. पण दोन-तीन दिवसांत एक फोन नर्स किंवा समाजसेवा अधीक्षकही करू शकतात. डिस्चार्जच्या कागदावर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन छापायला किती शाई लागते? पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा अनेक शहरांत होतात. मदत आहे, पण तिथवर पोहोचवणारं कुणी नाही.

'स्वतःच्या मस्तीने प्यायला, भोगू दे' म्हणणारे भेटतील. पण बीडी ओढणाऱ्याच्या खोकल्यावर आपण औषध देतोच की.

आणि आपण मित्रांनी काय करायचं? डॉक्टरांना खरं सांगायचं. त्याच्या पडण्याचे रील करायचे नाहीत. आणि पुढच्या तारखेला त्याच्यासोबत जायचं. तो एकटा जाणार नाही, हे आपल्याला माहीत असतं.