शंका विचारणारा अडाणी नसतो

‘लसीविषयीचा संकोच’ हा शब्दप्रयोग कोरोनाच्या महामारीत रूढ झाला आणि महामारी ओसरल्यावरही आपल्या सभासंमेलनांतून, क्वचित प्रवचनांतूनही, टिकून राहिला. खेड्यापाड्यांतील वृद्ध मंडळी सुईला भ्याली, अफवांना भुलली, त्यांचे प्रबोधन करता करता सुशिक्षितांची दमछाक झाली, असे त्याचे तात्पर्य. वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे तर हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे आपल्या सोयीचे नसल्यामुळे ते कोणी उच्चारीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी क्रम ध्यानी घ्यावा. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात आरोग्यसेवकांचे लसीकरण सुरू झाले आणि साठीपुढील नागरिकांची पाळी १ मार्चला आली. तोवर विदर्भात दुसरी लाट उसळलेली होती; फेब्रुवारीतच अमरावतीत टाळेबंदी झाली होती. म्हणजे आजार आधी दारात आला आणि लस मागाहून. बरे, ती मिळवायची कशी? ‘को-विन’ नावाच्या व्यवस्थेत नाव नोंदवायचे, भ्रमणध्वनीवर येणारा आकडा तत्काळ भरायचा. ही व्यवस्था मराठीत वाचण्याची सोय जून २०२१ मध्ये झाली, वृद्धांसाठी दार उघडल्यानंतर तीन महिन्यांनी! केंद्रावर जाऊन जागेवरच नाव नोंदविण्याची मुभा होती, हे मान्य. परंतु त्यासाठी केंद्र गाठावे लागे, आणि वर्ध्याचा एप्रिल-मे कसा भाजून काढतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात साठा अपुरा. मे महिन्यात तर पंचेचाळीशीपुढच्यांचा दुसरा डोस भागविण्यासाठी राज्य सरकारला तरुणांचे लसीकरण थांबवावे लागले. त्याच महिन्यात, १३ तारखेला, कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर वाढवून बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. मार्चअखेरपर्यंत हेच अंतर आधी चार आणि मग सहा ते आठ आठवडे सांगितले गेले होते. ठरल्या दिवशी काठी टेकीत आलेला म्हातारा ‘आता नाही, नंतर या’ हे ऐकून माघारी फिरला आणि पुन्हा आला नाही, तर त्याच्या नावापुढे ‘संकोच’ असे लिहायचे काय?

आणि एस.टी.? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय आहे. पण आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांतील ज्या वृद्धाला अर्ध्या तिकिटाच्या लाल गाडीखेरीज दुसरे वाहन ठाऊक नाही, त्याची दुसरी मात्रा आणि पुढे जानेवारीत आलेली वर्धक मात्रा नेमकी याच काळात येत होती.

आता त्यांच्या प्रश्नांकडे वळू. आमच्याकडची आजीबाई विचारी, ‘मले बीपी हाय, साखर हाय, रक्त पातळ करायची गोळी चालू हाय, घेऊ का नको?’ हा प्रश्न अडाणीपणाचा आहे काय? तो वैद्यकाचा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तरही होते: अशांनाच लस अधिक अगत्याची, फक्त गोळीची माहिती टोचणाऱ्याला आधी द्यावी. एवढे शांतपणे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. रक्ताच्या गाठी होतात का, हाही प्रश्न होता. त्यावर ‘अफवा पसरवू नका’ असे डाफरणाऱ्यांनी हे ऐकावे की, मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीनेच कोव्हिशील्डनंतर अशा २६ संभाव्य घटना नोंदवल्या होत्या. प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१. पुढे २०२४ मध्ये मूळ उत्पादक कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयापुढे, अत्यंत विरळा का होईना, असे घडू शकते हे मान्य केल्याचे प्रसिद्ध झाले. धोका अत्यल्प होता, वृद्धांत तर तरुणांहून कमी, आणि त्यांच्या वयाला कोरोनाचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा. खरा आकडा सांगितला असता तर आजीने तो समजून घेतला असता. आयुष्यभर तिने बियाण्याचा आणि पावसाचा हिशेब असाच मांडला आहे.

तिसरा प्रश्न: ‘या लसीला सही कायले, त्या लसीला कावून नाही?’ कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली तेव्हा तिच्या परिणामकारकतेचे अंतिम निष्कर्ष हाती नव्हते, म्हणून ती ‘चाचणी स्वरूपात’ दिली जाई आणि संमतिपत्र घेतले जाई. ही अट ११ मार्चला उठली. म्हणजे प्रश्न बिनचूक होता, आणि तो विचारणाऱ्याला शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते.

आपण विसरतो की, या पिढीच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. टोचण्यावर तिचा विश्वास नाही असे म्हणणे म्हणजे तो वण न पाहणे. १९७५ मध्ये या देशातून देवी गेली ती यांच्याच दंडांच्या बळावर. पण त्याच सुमारास आणीबाणीतील नसबंदीच्या मोहिमाही याच पिढीने पाहिल्या. सरकारी माणूस याद्या घेऊन दारात आला की छातीत धस्स होते, ते अनुभवाने. आणि वर्ध्याच्या मातीत शंकेला थोरामोठ्यांची परंपरा आहे. १९३६ साली सेवाग्रामला (तेव्हाच्या शेगावला) येऊन राहिलेल्या महात्मा गांधींनी आपल्या आरोग्यविषयक लेखनात देवीच्या लशीला उघड विरोध केला होता. त्यांचे ते मत चुकीचे होते, असे आज नि:संकोच म्हणावे लागेल. पण त्यांना अडाणी म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. त्यांच्याच सहवासात वाढलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये त्याच सेवाग्रामात वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. शंकेला उत्तर द्यायचे असते ते असे.

आता आपल्या घराकडे. काही भाविकांच्या भ्रमणध्वनीवर एक मजकूर फिरत होता: लस गर्भपात केलेल्या अर्भकांपासून बनते, ती घेणे पाप आहे. धार्मिक वृत्तीच्या वृद्ध स्त्रिया त्याने हादरल्या. जपमाळ हाती घेऊन मरणे बरे, असे म्हणू लागल्या. वास्तविक व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजीच याचा निर्वाळा दिला होता. काही लसींच्या संशोधनात वा निर्मितीत कित्येक दशकांपूर्वीच्या गर्भपेशींचा वंश वापरला जातो. निर्दोष पर्याय उपलब्ध नसेल, किंवा लस निवडण्याची मुभाच नसेल, तर ती घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे. तसे करणे म्हणजे गर्भपाताला मान्यता देणे नव्हे. आपल्याकडे सुरुवातीला निवडीची मुभा नव्हतीच. शिवाय कोव्हॅक्सिनसाठी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरतात, मानवी गर्भाच्या नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये स्वत: लस घेतली. वर्ध्यातील वृद्धांची पाळी येण्याच्या दीड महिना आधी हे सारे स्पष्ट झाले होते! मग किती धर्मग्रामांत ते मराठीतून, व्यासपीठावरून, सरळ शब्दांत सांगितले गेले? मौनाचा दोष मजकूर पुढे धाडणाऱ्यांपेक्षा कमी नाही.

त्याच निवेदनात दुसरीही एक गोष्ट होती, जी उत्साही मंडळींनी सोयिस्करपणे वगळली: लसीकरण सामान्यत: नैतिक सक्तीचा विषय नाही, ते ऐच्छिक असावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादच्या जिल्हा प्रशासनाने एकही मात्रा न घेतलेल्यांना रेशन आणि पेट्रोल न देण्याचा आदेश काढला, तेव्हा ‘बरी अद्दल घडली’ म्हणणारे आपल्यातही होते. ज्याला केंद्रापर्यंत नेले नाही त्याचे धान्य अडवायचे, हा कोणता न्याय? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल यांच्या याचिकेवर, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र अंथरुणाला खिळलेल्यांचा. घरोघरी लस द्यावी, अशी याचिका २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. केंद्राने सांगितले की ते शक्य नाही: शीतपेटी वारंवार उघडावी लागेल, लस वाया जाईल, टोचल्यावर अर्धा तास निरीक्षण लागते. अडचणी खऱ्या होत्या. पण केरळ आणि जम्मू-काश्मीरने तसे करून दाखवले, आणि अखेर सप्टेंबरच्या २३ तारखेला केंद्रानेही घरी लस देण्यास अनुमती दिली. दुसरी लाट तोवर येऊन, माणसे नेऊन, ओसरली होती.

कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असतात आणि कुपी उघडल्यावर चार तास चालते. आपले धर्मगुरू महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघरी जातात. कोण कोणत्या खाटेवर आहे, कोणाची सून कामावर जाते, कोणाला ऐकू येत नाही, हे त्यांना आणि धर्मभगिनींना तोंडपाठ असते. दहा नावे, चार तासांचा रस्ता, एक जीप, एक परिचारिका. प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे ही यादी ठेवून ‘आम्ही वाहन देतो, तुम्ही माणूस द्या’ असे म्हणायला कोणत्या परिपत्रकाची वाट पाहायची होती? ‘हे काम सरकारचे’ असे उत्तर धर्मग्राम मंडळाकडून मिळते. सरकारचे आहेच. पण यादी सरकारकडे नव्हती, ती आपल्याकडे होती, आणि आजही आहे. तीत पुढच्या रविवारी औषधांची नावे, घरात दिवसा कोण असते आणि निरोप कोणाच्या फोनवर द्यायचा, एवढे तीन रकाने वाढवायला मंडळाची हरकत आहे काय, हे त्यांनी याच अंकाच्या वाचकांना कळवावे.