पुलापलीकडचे शहर कोणी बुडवले?

सेंट लुइसमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला, मग तो पुण्याहून आलेला संगणक अभियंता असो की आयोवातून आलेला शिक्षक, एक सल्ला हमखास मिळतो : मिसिसिपीचा पूल ओलांडून ईस्ट सेंट लुइसकडे फिरकू नका. आपल्या मराठी घरांतही मी हा सल्ला अनेकदा ऐकला आहे. त्यामागे एक ठाम समजूत असते. नदीच्या अल्याड मिझुरी, पल्याड इलिनॉय. पल्याडच्या लोकांनी आपले गाव आपल्याच हाताने बुडवले, पुढाऱ्यांनी ते लुटले आणि लोकांनी त्याच पुढाऱ्यांना पुन्हा निवडून दिले. राज्य वेगळे, कायदा वेगळा, तेव्हा सेंट लुइसचा त्याच्याशी संबंध काय? ही समजूत चुकीची आहे आणि अन्यायाचीही आहे.

विरोधी बाजूचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीनिशी मांडू. १९५० साली ईस्ट सेंट लुइसमध्ये ८२,००० लोक राहत होते; २०२० च्या जनगणनेत साडेअठरा हजारही भरले नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेकडे कचरा उचलायला पैसे उरले नव्हते. शहराच्या तुरुंगात मारहाण झालेल्या एका कैद्याची नुकसानभरपाई देता येईना, म्हणून १९९० मध्ये न्यायाधीशाने नगरपालिकेची इमारतच त्याच्या नावे केली. तो निकाल पुढे वरच्या न्यायालयात फिरला, पण नाचक्की व्हायची ती झाली. लाचखोरीही खरी होती. यातले काहीही मी नाकारत नाही.

मात्र कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, हे पाहिले की हा युक्तिवाद कोसळतो. ‘त्यांना आपले शहर चालवता आले नाही’ असे म्हणताना बोट कृष्णवर्णीय पुढाऱ्यांकडे असते. शहराला पहिला कृष्णवर्णीय महापौर मिळाला १९७१ मध्ये. आर्मर कंपनीचा मांस कारखाना बंद पडला १९५९ मध्ये. १९६० ते १९७० या दहा वर्षांतच लोकसंख्या सुमारे बारा हजारांनी घटली. म्हणजे किल्ल्या हाती आल्या तेव्हा तिजोरी रिकामी होऊ लागली होती. लाचखोरीचा इतिहास तर त्याहून पन्नास वर्षे जुना आहे. १९१७ मध्ये इथे झालेल्या वांशिक दंगलीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीने इथल्या अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर कडक ताशेरे ओढले, तेव्हा कारभार गोऱ्यांच्या हाती होता.

आणि माणसांच्या नालायकीने शहर ओस पडते असे म्हणायचे, तर खुद्द सेंट लुइसचे काय? तिथे १९५० मध्ये साडेआठ लाखांवर लोक होते. २०२० मध्ये जेमतेम तीन लाख उरले. तिथल्या घसरणीची कारणे सांगताना लोक कारखान्यांचे स्थलांतर, महामार्ग, उपनगरांकडे पळालेली गोरी वस्ती असे सगळे मोजून दाखवतात. तोच रोग पूल ओलांडला की स्वभावदोष कसा ठरतो?

मुळात कारखाने नदीच्या पूर्व काठावर आले कशाला, हे पाहिले की सीमेचे काम लक्षात येते. १८७४ मध्ये ईड्स पूल उभा राहिला. कोळसा इलिनॉयचा, आणि तो नदीपार न्यायचा तर पुलाचा जादा आकार भरावा लागे. म्हणून सेंट लुइसच्या भांडवलाने पूर्वेचा काठ निवडला. इनॅमलची भांडी बनवणाऱ्या नीड्रिंगहाउस बंधूंनी तर १८९० च्या दशकात ग्रॅनाइट सिटी हे आख्खे गावच इकडे वसवले. मालक पश्चिमेला राहिले; धुरांडी, रेल्वेची यार्डे आणि कत्तलखाने पूर्वेला आले.

एवढ्यावर थांबले असते तरी ईस्ट सेंट लुइसला निदान कर मिळाला असता. पण राज्यसीमेच्या आत आणखी बारीक सीमा आखल्या गेल्या. गुरांचा प्रचंड बाजार आणि मांसाचे कारखाने नॅशनल सिटी या वेगळ्या गावात होते. १९०७ मध्ये त्याला स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. सेंट लुइसमध्येच १९०१ साली स्थापन झालेल्या मोन्सँटोने १९२६ मध्ये शेजारीच स्वतःच्या नावाचे गाव करून घेतले. आज त्याला सोजे म्हणतात. वस्ती मूठभर घरांची, नगरपालिका मात्र स्वतंत्र : कर कमी, निर्बंध सैल. पीसीबी ही घातक रसायने तिथे १९७७ पर्यंत बनत होती. कामगार ईस्ट सेंट लुइसचे, वाऱ्याबरोबर येणारा धूर ईस्ट सेंट लुइसचा, शाळांना पोसू शकला असता तो कर मात्र वेशीबाहेर. इलिनॉयमध्ये शाळा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालतात, हे ध्यानात घेतले म्हणजे इथली मुले कशाला मुकली ते कळते. जोनाथन कोझोल यांनी अमेरिकी शाळांतील विषमतेवरच्या १९९१ च्या पुस्तकाची सुरुवात याच शहरापासून केली, ती उगाच नव्हे.

१९१७ विसरून तर बोलताच येणार नाही. दक्षिणेतून कृष्णवर्णीय मजूर येत होते, मालक त्यांना संपफोडे म्हणून वापरत होते आणि गोऱ्या कामगारांचा राग मालकाऐवजी या मजुरांवर वळत होता. २ जुलैला गोऱ्या जमावांनी घरे पेटवली, पळणाऱ्यांना गाठून मारले. सरकारी नोंदीत ३९ कृष्णवर्णीय मृत आहेत. प्रत्यक्षात कितीतरी अधिक मेले असे अभ्यासक मानतात. हजारो लोक जीव मुठीत धरून पूल ओलांडून सेंट लुइसला गेले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरून निषेधाचा मूक मोर्चा निघाला. एवढे सोसूनही कृष्णवर्णीय वस्ती इथे टिकली, वाढली. जॅझ संगीतकार माइल्स डेव्हिस याच शहरात लहानाचा मोठा झाला, ऑलिंपिक खेळाडू जॅकी जॉयनर-कर्सी इथे जन्मली, आणि जगभर नाचून आलेल्या कॅथरिन डनहॅम यांनी १९६० च्या दशकात मुलांना शिकवण्यासाठी हेच गाव निवडले. ‘तिकडे काही नाही’ म्हणणाऱ्यांनी आणखी थोडे पुढे जावे. कहोकियाचे मातीचे महाकाय टेकाड, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हजार वर्षांपूर्वीच्या नगराचे अवशेष, पूर्वेच्याच काठावर टिकून आहे आणि १९८२ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. सेंट लुइसने आपले सर्वांत मोठे टेकाड १८६९ मध्ये खणून सपाट केले.

माझे म्हणणे असे की नदीच्या दोन्ही काठांचा हिशेब एकच आहे, आणि तो एकत्र मांडता येतो याचा पुरावा समोर आहे. १९४९ मध्ये मिझुरी आणि इलिनॉय यांनी करार करून बाय-स्टेट ही संयुक्त संस्था उभारली. तिचीच मेट्रोलिंक गाडी १९९३ पासून जुन्या ईड्स पुलावरून ईस्ट सेंट लुइसला येते. त्याच वर्षी, ईस्ट सेंट लुइस ज्यात येते त्या सेंट क्लेअर काउंटीच्या मतदारांनी ही गाडी पुढे नेण्यासाठी स्वतःवर अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर लादून घेतला, आणि २००१ मध्ये ती बेलव्हिलपर्यंत पोहोचली. हे तेच लोक, ज्यांना सार्वजनिक हित कळत नाही असे म्हटले जाते.

गाडीसाठी जे जमले ते दूषित माती आणि दूषित नाले साफ करण्यासाठी दोन्ही राज्यांना जमवता येईल. त्या कारखान्यांच्या नफ्यावर पश्चिम काठ वाढला, तेव्हा खर्चाचा वाटा त्यानेही उचलावा. करचुकवेगिरीसाठी आखलेल्या वेशींवर तर इलाज माहितीचाच आहे. मिनेसोटाने १९७१ मध्ये कायदा केला की मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातल्या प्रत्येक नगरपालिकेने व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यातल्या वाढीचा ४० टक्के भाग सामायिक गंगाजळीत घालायचा आणि गरीब गावांना त्यातून जास्त द्यायचे. तो कायदा आजही चालू आहे. इलिनॉयच्या विधिमंडळाने मेट्रो ईस्टसाठी, म्हणजे सेंट लुइस परिसरातल्या या पूर्व काठासाठी, तसाच कायदा करावा, सोजेपासून सुरुवात करावी.