‘अमेरिकन तालिबान’ म्हटलं की झालं?

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ हा १९७३ चा निकाल रद्द केला. जवळपास पन्नास वर्षे असलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क एका दिवसात गेला. संताप उसळला, तो रास्तच होता. पण त्या संतापात एक शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला : तालिबान.

ही शिवी त्याआधीच रूढ झाली होती. १ सप्टेंबर २०२१ ला टेक्सासमध्ये साधारण सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी आली. काबूल पडून जेमतेम दोन आठवडे झाले होते, त्यामुळे ‘टेक्सास तालिबान’ हे नाव हाताशीच होतं. काहींनी तर टेक्सासात ‘शरिया’ आल्याचं जाहीर केलं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बिघाड झाला की आधी पाहतात, ही ओळ लिहिली कुणी? इथेही तेच पाहा. खटला मिसिसिपीच्या कायद्यावरचा. ‘रो’विरुद्ध अनेक दशके चळवळ चालवली ती कॅथलिक आणि इव्हॅन्जेलिकल संघटनांनी, तिला बळ दिलं रिपब्लिकन पक्षाने. निकाल लिहिताना न्या. अ‍ॅलिटो यांनी आधार घेतला तो सतराव्या शतकातल्या मॅथ्यू हेल या इंग्रज न्यायाधीशाचा. याच हेलने चेटकीण ठरवलेल्या दोन स्त्रियांना फाशीची शिक्षा सुनावली होती. यात शरिया कुठे आहे?

ज्या वर्षी ‘रो’चा निकाल लागला, त्याच १९७३ मध्ये मुस्लिमबहुल ट्युनिशियाने पहिल्या तीन महिन्यांत स्त्रीच्या मागणीवरून गर्भपाताची मुभा दिली. तुर्कस्तानने १९८३ मध्ये दहा आठवड्यांपर्यंत दिली. फिकहमध्येही एकमत नाही : अनेक हनफी फकीहांनी कारण असल्यास १२० दिवसांपर्यंत सवलत दिली, मालिकी बहुतेक विरोधातच राहिले. आपल्या घरातलं पाप शेजाऱ्याच्या नावावर खपवलं की घर तसंच घाण राहतं. अमेरिकेतल्या उदारमतवाद्यांनी तेच केलं.

पण म्हणून आपण ‘बघा, आमचा इस्लाम किती उदार’ म्हणत मिशांना पीळ देऊ नये. इजिप्तचा फौजदारी कायदा आजही गर्भपाताला गुन्हाच मानतो. आणि अ‍ॅलिटो यांचा युक्तिवाद आपल्याला चांगला ओळखीचा आहे. ते म्हणतात, हा हक्क देशाच्या इतिहासात आणि परंपरेत रुजलेला नाही. १८६८ मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा, बहुतेक राज्यांत गर्भपात गुन्हा होता. त्या १८६८ मध्ये अमेरिकन स्त्रीला मताचा अधिकारच नव्हता. देशभर तो तिला मिळाला १९२० मध्ये. जिला कुणी विचारलंच नाही, तिच्यावर परंपरेचा दाखला चालवायचा!

२०१७ मध्ये तिहेरी तलाकच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयात पर्सनल लॉ बोर्डाच्या बाजूने काय सांगितलं गेलं? ही १४०० वर्षांची श्रद्धा आहे. त्या १४०० वर्षांत तलाक मिळालेल्या बाईला कुणी विचारलं होतं?

वॉशिंग्टन असो की दिल्ली, बाईच्या हक्काची वेळ आली की परंपरेची वही उघडते, आणि ती वही पुरुषांनीच लिहिलेली असते. ‘तालिबान’ या शिवीचा निषेध आपण जरूर करू. पण तो करण्याचा नैतिक अधिकार हवा असेल, तर आपल्या घरातली वहीही भर चौकात उघडावी लागेल, आणि या वेळी लेखणी बायकांच्या हाती द्यावी लागेल.