घर आणि संसार : न बोलावलेला मदतनीस

शेतकऱ्याच्या घरी सालगडी ठेवावयाचा असला म्हणजे पाडव्याच्या सुमारास त्याच्याशी बोली होते. काम कोणते, वर्षाचे पैसे किती, धान्य किती, सुट्टी केव्हा, हे सारे चार माणसांसमक्ष ठरते आणि मगच तो कामाला लागतो. बोलीवाचून कोणी उंबरठ्याच्या आत येऊन बसला आणि "मी आपल्या सेवेला आलो आहे" असे म्हणू लागला, तर घरधनी त्याला प्रथम विचारील की, बाबा, तुला धाडले कोणी आणि तुझे पैसे कोण देणार? आज अनेक घरांतील संगणकांत असाच एक मदतनीस येऊन बसला आहे. परंतु त्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूर हे नागपूर–हैदराबाद महामार्गावरील गाव. राज्य तेलंगणाचे, तरी या मुलखात तेलुगूबरोबर मराठी, गोंडी आणि उर्दूही कानी पडते. सरकारी दाखले मिळण्यासाठी २०११ साली सुरू झालेल्या केंद्रांचे नाव आहे 'मी सेवा'. मराठी कानाला यातील 'मी' म्हणजे बोलणारा स्वतः. तेलुगूत मात्र 'मी' म्हणजे 'तुमची'. अक्षर एकच, पण एका भाषेत सेवा बोलणाऱ्याची आणि दुसरीत ती ऐकणाऱ्याची! संगणकातील मदतनिसाविषयी हेच तपासून पाहावयाचे आहे. ही सेवा खरोखर आपली, की ती देऊ करणाऱ्याची?

हा प्रकार सर्वस्वी नवा नाही. १९९७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या लेखनप्रणालीत डोळे मिचकावणारी एक टाचणी अवतरली. पत्र लिहावयास घेतले की ती मध्येच येऊन मदत हवी का म्हणून विचारी. लोक इतके कंटाळले की २००१ साली कंपनीने ती आपण होऊन झाकून ठेवली आणि २००७ साली काढूनच टाकली. पुढे २०१५ साली विंडोज १० बरोबर 'कोर्टाना' आली. २०१६ च्या सुधारणेत तर ती बंद करण्याची साधी सोयही काढून घेण्यात आली. तिचाही काळ २०२३ साली संपला आणि त्याच वर्षी 'कोपायलट' आला. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्यासाठी कळफलकावर स्वतंत्र कळ देण्याचे जाहीर झाले.

असा मदतनीस कोणाच्या उपयोगी पडत नाही, असे आमचे म्हणणे नाही. इंग्रजी अर्ज लिहिताना ज्याची लेखणी अडते, त्याला त्याचे साह्य होऊ शकेल. परंतु दोन गोष्टी प्रत्येक घराने जाणून घ्याव्यात.

पहिली गोष्ट पैशाची. कंपनीने आपल्या घरगुती वार्षिक वर्गणीत कोपायलट घातला आणि वर्गणी वाढविली. कोपायलटविना जुन्या दराची योजना शिल्लक होती. पण ग्राहक वर्गणी रद्द करू लागेपर्यंत ती त्याला दिसत नसे, असा आरोप ठेवून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयात दावा दाखल केला. सुमारे २७ लाख ग्राहकांचा हा प्रश्न होता. पुढच्याच महिन्यात कंपनीने क्षमा मागून परतफेडीची तयारी दर्शविली. तेव्हा वर्गणीचे नूतनीकरण करण्यापूर्वी आपण कशाचे पैसे भरतो आहोत, हे नीट वाचावे.

दुसरी गोष्ट घराच्या मर्यादेची. मे २०२४ मध्ये 'रिकॉल' नावाची एक सोय जाहीर झाली. संगणकाच्या पडद्यावर जे जे दिसेल, त्याची छायाचित्रे ती थोड्या थोड्या वेळाने घेऊन साठवून ठेवणार होती. जाणकारांनी तीतील धोके दाखवून दिले, लोकांनी ओरड केली आणि कंपनीला ती लांबणीवर टाकावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये ती काही विशिष्ट नव्या संगणकांवर आली, पण मालकाने चालू केल्याखेरीज चालू न होण्याच्या अटीवर. खेड्यातील घरी एकच संगणक असतो आणि सारे घर एकाच पिनने तो उघडते. त्यावर जमिनीचे पट्टादार पासबुक, बँकेचा हिशेब, मुलीच्या स्थळाविषयीचा पत्रव्यवहार, एखाद्याच्या आजाराचे कागद, हे सारे येऊन जाते. त्याची चित्रमय वही कोणी आपोआप लिहीत राहावे, हे कोणत्या कुटुंबाला रुचेल?

आता हा मदतनीस दूर कसा करावा ते सांगतो. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज' उघडावे, 'ॲप्स' मधील 'इन्स्टॉल्ड ॲप्स' या यादीत 'कोपायलट' शोधावा आणि नावापुढील तीन ठिपक्यांवर दाबून 'अनइन्स्टॉल' करावे. वर्ड या लेखनप्रणालीतील कोपायलट निराळा असतो. त्यासाठी 'फाइल', 'ऑप्शन्स' आणि 'कोपायलट' असे जाऊन तो चालू असल्याची खूण काढावी. 'सेटिंग्ज' मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात 'रिकॉल' चे नाव दिसल्यास ते बंद आहे ना, हे पाहावे. मायक्रोफोन कोणकोणते ॲप वापरू शकते, तेही तेथेच कळते. मोठी सुधारणा आल्यावर एकदा पुन्हा नजर टाकावी; काढलेली वस्तू कधी कधी परत आलेली आढळते.

मात्र रागाच्या भरात दिसेल ते काढून टाकू नये. संगणकाचे सुरक्षा-रक्षक आणि सुरक्षेच्या सुधारणा चालूच ठेवाव्यात. गड्याला काढताना दाराची कडी उपटून कसे चालेल? "सारे नको ते एका दाबात काढून देतो" म्हणणारे अनोळखी सॉफ्टवेअर तर मुळीच घरात घेऊ नये. तसेच मंद दृष्टीच्या आजोबांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी सोय ही त्यांची काठी आहे. तिला हात लावण्यापूर्वी त्यांना विचारावे.

आपल्या संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात संमतीची व्याख्या दिली आहे : ती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. नुसते गप्प बसणे ही संमती नव्हे, हे तत्त्व आपल्या घरातही पाळण्याजोगे आहे. म्हणून या आठवड्यात एका संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर आईवडील, मुले आणि घरातील वडीलधारी यांनी संगणकासमोर एकत्र बसावे. कोणती मदत आम्हांला हवी आणि कोणती नको, हे सर्वांनी मिळून ठरवावे. मुलांना कळा अधिक ठाऊक असतात, वडीलधाऱ्यांना माणसे अधिक ठाऊक असतात. या कामी दोघांचीही गरज आहे. जो मदतनीस ठेवावयाचा तो बोली करून ठेवावा आणि नको असेल त्याला निःसंकोच निरोप द्यावा.