चिठ्ठीवरील रिकामा रकाना

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद व फरीदाबाद या नगरांत संप्रेरकांची रक्ततपासणी आता इतकी सुलभ झाली आहे की, कचेरीची वेळ होण्यापूर्वीच नमुना नेणारा मनुष्य दारी येतो आणि सायंकाळपर्यंत अहवाल हाती पडतो. या सोयीचे मनःपूर्वक स्वागत करीत असतानाच आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक तक्रार मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते, ती अशी की, त्या नमुन्यासोबत जाणाऱ्या आपल्या चिठ्ठीवर शेवटच्या पाळीची तारीख बहुधा नसते.

रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी सुमारे १९६० साली किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिन मोजण्याची रीत सिद्ध केली आणि पुढे इतर संप्रेरकांचे अत्यल्प प्रमाणही आकड्यांत सांगता येऊ लागले. १९७७ साली यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा बर्सन हयात नव्हते. एवढ्या परिश्रमाने साध्य झालेली ही सूक्ष्मता आपण एका तारखेवाचून वाया घालवितो.

प्रोजेस्टेरॉनचेच पाहा. ते एकविसाव्या दिवशी तपासण्याचा दंडक हा अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे. वास्तविक हे संप्रेरक पुढील पाळीच्या सुमारे सात दिवस आधी शिखरास पोहोचते. जिची पाळी पस्तीस दिवसांची, तिचे बीज मुळी एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटावयाचे. त्याच दिवशी नमुना घेऊन ‘बीज तयार होत नाही’ असा निवाडा देणे आणि त्यावरून औषधे सुरू करणे हा त्या स्त्रीवर उघड अन्याय होय. तिचा नमुना अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावयास हवा. याउलट एफएसएच दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी पाहावे, आणि तेही इस्ट्रॅडिऑलच्या जोडीने, कारण इस्ट्रॅडिऑल चढलेले असल्यास ते पीयूषिका ग्रंथीस आवर घालते व एफएसएचचा आकडा निष्कारण दिलासा देतो.

एएमएचला दिवसाचे असे बंधन नाही, आणि बहुधा त्यामुळेच आरोग्यतपासणीच्या संचांत त्याचा सर्रास शिरकाव झाला. अंडाशय औषधांना कितपत प्रतिसाद देईल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. परंतु वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, एएमएच कमी असूनही नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता घटलेली आढळली नाही. असे असता अविवाहित मुलगी ०.९ हा आकडा घेऊन रडवेल्या चेहऱ्याने समोर बसते आणि आपण तिला बीजे गोठविण्याचा खर्च सांगू लागतो, हे शास्त्रास धरून नाही, माणुसकीस तर नाहीच.

तारखेइतकीच चालू गोळ्यांची नोंदही हवी. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या कित्येक यंत्रांवर टीएसएच खोटे कमी आणि इस्ट्रॅडिऑल खोटे जास्त दाखवितात. रुग्णेस ही गोळी औषध वाटतच नाही. म्हणून गोळीचे नाव घेऊनच विचारावे लागते.

आमची विनंती एवढीच की, पाळीची तारीख, चक्राची नेहमीची लांबी आणि चालू गोळ्या या तीन ओळी चिठ्ठीवर आपल्या हाताने लिहाव्यात, आणि अपत्य नाही म्हणून जोडपे आले असेल तर पत्नीच्या चौथ्या संप्रेरकाकडे वळण्यापूर्वी पतीची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत लिहून द्यावी, सासूबाई सोबत बसलेल्या असल्या तरी.